गाव फोनान हाय

नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल तालुक्यातली दहा गावं उठली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचं ओवळे, वाघिवली, वाघिवलीवाडा, उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने वडघर, करंजाडे, कुंडेवहाळच्या बाजूला भूखंड आखून दिले आणि माणसं तिथे पांगली. माझं आजोळ त्या दहांतलंच. आता जुन्या वाटेने निघालात तर विमानतळाचं कुंपण आडवं येतं. करंजाडेतल्या चार मजली इमारतीच्या गॅलरीत बसलेल्या आजीला मात्र हे मान्य नाही. ती म्हणते, “गाव कय गेला? गाव फोनान हाय.”

तिचं हे म्हणणं गमतीवारी नेण्यासारखं नाही. गेल्या तीस वर्षांत इंटरनेटचं जे काही झालं, ते आमच्या घरात आजीच्या आणि मोठ्या मामांच्या गोष्टींच्या आधारानेच कळतं.

आजीची गोष्ट खारजमिनीपासून सुरू होते. भाताची शेतं खाडीला लागून. मधे मातीचा बांध, पलीकडे खारं पाणी. उधाणाच्या रात्री बांध फुटला की “खांड गेली!” अशी आरोळी उठायची. ती एका आळीतून दुसऱ्या आळीत जायची आणि घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन बाहेर पडायचा. जो आला नाही त्याचं नाव दुसऱ्या दिवशी गावकीच्या बैठकीत निघायचं. शेत कुणाचंही असो, बांध सगळ्यांचा. एकाच्या शेतात खारं पाणी शिरलं की ते शेजाऱ्याचा बांध विचारत बसत नाही, हे आजी अजून सांगते.

मामांची गोष्ट १९८४ ची. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातल्या पंच्याण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-पागोटे परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्याच लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. मामा तेव्हा विशीत होते. गोळीबाराची बातमी त्यांच्यापर्यंत आली ती एसटीतून उतरलेल्या माणसाकडून. मग कोण सायकलवर, कोण पायी, अशी ती गावोगाव गेली. “आकडा दर गावान बदलत होता,” मामा सांगतात. खरं काय, हे कळायला दुसरा दिवस उजाडला.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा आमच्याकडे त्याची कुणाला खबरही नव्हती. पुढे पनवेलला सायबर कॅफे निघाले आणि तासावर पैसे मोजून आम्ही पोरं तिथे बसू लागलो. सुरुवातीचं इंटरनेट म्हणजे दवंडी होती. पिटणारा पिटून जायचा, ऐकणाऱ्याने ऐकून घरी जायचं. पानावर एक बटण दाबलं की अख्खं पान नव्याने यायचं, आणि त्या डायल-अपच्या काळात ते येईपर्यंत चहा व्हायचा. दवंडीची चावडी होण्यात एका साध्या वाटणाऱ्या युक्तीचा मोठा हात होता. पान जागच्या जागी ठेवायचं, पडद्यामागून सर्व्हरकडे लागेल तेवढीच माहिती मागायची आणि तेवढाच भाग बदलायचा. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या ब्राउझरमध्ये ही सोय घातली होती. तिची ताकद लोकांना दिसली ती २००४ च्या जीमेलमध्ये आणि २००५ च्या गूगल मॅप्समध्ये. नकाशा बोटाने, म्हणजे तेव्हा माऊसने, ओढावा आणि पुढचा मुलूख आपसूक उलगडावा, हे त्याआधी सहसा होत नव्हतं. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं. लिहिणारा आणि वाचणारा एकाच पानावर सहज येऊ लागला तो इथे.

त्या चावडीवर आमच्या पिढीचा पहिला मुक्काम ऑर्कुट. गूगलमधल्या ऑर्कुट ब्युयुक्कोक्तेन या तुर्की अभियंत्याने ते बांधलं, जानेवारी २००४ मध्ये ते सुरू झालं आणि ब्राझील व भारताने ते उचलून धरलं. स्क्रॅप टाकायचे, टेस्टिमोनियल मागायचे, गावाच्या, आडनावाच्या, कॉलेजच्या नावाने कम्युनिटी काढायच्या. भाषा मराठी, अक्षरं रोमन. मग फेसबुक आलं आणि मंडळी तिकडे गेली.

फेसबुकवर जून २००९ मध्ये ‘फार्मव्हिल’ आलं. पडद्यावर शेत, बी पेरायचं, ठरलेल्या वेळी कापणी करायची. वेळ चुकली तर पीक वाळायचं. शेत वाढवायचं तर शेजारी जमवावे लागत. २०१० च्या सुरुवातीला महिन्याला आठ कोटींवर लोक ते खेळत होते आणि माझा मामेभाऊ त्यांतला एक. विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ मध्येच मिळालेली. घरात रोज मोबदल्याची, मोजणीची चर्चा. ज्या जमिनीत आजीने लावणी केली होती ती जायच्या वाटेवर, आणि नातू कॅफेत बसून स्ट्रॉबेरी पिकवतोय. आजीने एकदाच विचारलं, “ह्ये शेतान बांध कुठं हाय?” तिच्या दृष्टीने शेत म्हणजे आधी बांध. त्या शेतात खांड जाण्याची भीती नव्हती, म्हणून गावाने एकत्र धावायचीही गरज नव्हती.

तिकडे अमेरिकेत लिंडन लॅबने २००३ पासून ‘सेकंड लाइफ’ नावाचं आभासी जग चालवलं होतं. तिथे लोक नसलेली जमीन खऱ्या पैशांनी विकत घेत. पनवेलच्या कुठल्याही प्लॉट एजंटला हे समजवायला दोन मिनिटं लागली नसती. गुंठ्याचा भाव माणसांच्या आशेवर चढतो, हे करंजाडेने डोळ्यांनी पाहिलं आहे.

पुढचा योगायोग मला फार मोठा वाटतो. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि डेटा एकदम स्वस्त झाला. १८ फेब्रुवारी २०१८ ला विमानतळाचं भूमिपूजन झालं. म्हणजे ज्या वर्षांत गावं रिकामी होत होती, त्याच वर्षांत म्हाताऱ्यांच्या हातात स्मार्टफोन आले. एरवी गावातून उठलेली माणसं दहा वर्षांत एकमेकांना अनोळखी होतात. इथे तसं झालं नाही. घर पाडायच्या आधी व्हॉट्सॲपवर गावाचा ग्रुप तयार होता. २०१६ मध्ये ग्रुपची मर्यादा शंभरवरून २५६ झाली होती, पण गाव त्याहून मोठं. मग गावकीत ठरलं, ग्रुपवर घरटी एक माणूस घ्यायचा. बांधावरचा कायदा असा फोनात आला आणि तो कुणाला समजवावा लागला नाही.

त्या ग्रुपवर विमानतळग्रस्तांना मिळणाऱ्या साडेबावीस टक्क्यांच्या भूखंडाची सोडत, कुणाच्या घरभाड्याचा चेक, बारशाचं आमंत्रण, दहाव्याची वेळ, बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ, सगळं एकाखाली एक येतं. जून २०२१ मध्ये त्याचं बळ दिसलं. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव हवं म्हणून १० जूनला मानवी साखळी आणि २४ जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी, बेलापूरला सिडको भवनावर घेराव. करोनाचे निर्बंध चालूच होते. कुठल्या गावाने कुठे उभं राहायचं, हे निरोप मिनिटांत फिरले. मामा साठीला टेकलेले, एका हातात झेंडा, दुसऱ्या हाताने फेसबुक लाइव्ह. त्यांनी १९८४ शी तुलना केलीच. म्हणाले, निरोप आता लवकर जातो, पण खोटी बातमीही तितक्याच लवकर जाते. तेव्हा आकडा गावागणिक बदलायचा, आता ग्रुपागणिक.

गूगल अर्थवर २००९ पासून जुनी उपग्रहचित्रं पाहायची सोय आहे. पट्टी मागे सरकवायची आणि वर्षं मागे जातात. मामेभावाने एकदा लॅपटॉपवर आजीला ते दाखवलं. धावपट्टी पुसली गेली, कापलेली उलव्याची टेकडी परत आली, वळवलेल्या नदीला जुनं वळण मिळालं. आजीने चष्मा पुसून देऊळ शोधलं, मग विहीर, मग आपलं छप्पर. मग शेजारच्या प्रत्येक छपराखालच्या माणसांची नावं, त्यांच्या सोयरिकी आणि भांडणं सांगत राहिली. चित्र उपग्रहाने काढलं होतं, पण त्यात वस्ती भरली ती तिने. पुष्कळ पैसे ओतून आभासी जगं उभारणाऱ्यांना, २०२१ मध्ये नावच ‘मेटा’ करून घेतलेल्या फेसबुकलासुद्धा, जमलेलं नाही ते हेच. घरं बांधता येतात, त्या घरांची भांडणं आणि सोयरिकी बांधता येत नाहीत.

पण आजीच्या वाक्यात एक धोका आहे. फोनातलं गाव आपल्या मालकीच्या जागेवर नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. फोटो आणि लिखाण उतरवून घ्यायला सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत होती, ती गेली. फार्मव्हिल ज्या फ्लॅशवर चालायचं ते तंत्रच संपलं आणि ३१ डिसेंबर २०२० ला ती कोट्यवधी शेतं एका दिवसात मिटली. टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली, त्यावरचे आमच्या आगरी पोरांचे गाणी-नाच त्याबरोबर गेले. यात कुणाचं कपट नव्हतं. कंपनीचा किंवा सरकारचा निर्णय, एवढंच. ज्यांनी खारजमिनीचं संपादन पाहिलं आहे, त्यांना हे नवीन वाटायचं कारण नाही. फरक इतकाच की जमीन गेली तेव्हा नोटीस आली, मोजणी झाली, भांडून का होईना मोबदला मिळाला. आठवणींना सातबारा नाही.

माझं मत स्पष्ट आहे. व्हॉट्सॲप ग्रुपने गाव जोडून ठेवलं, त्याचे उपकार मानावेत. पण चॅट बॅकअप म्हणजे गावकीचं दप्तर नव्हे. करंजाडे-वडघरच्या ज्या कुणाच्या घरात जुन्या गावची माणसं आहेत त्यांनी एवढं करावं. फोनमधले घरांचे, देवळांचे, बांधांचे फोटो निवडून छापून घ्यावेत आणि मागे नाव, जागा, साल लिहावं. म्हाताऱ्यांच्या गोष्टी त्यांच्याच बोलीत उतरवून वहीच्या दोन प्रती दोन घरांत ठेवाव्यात. घरच्यांची हरकत नसेल ते फोटो विकिमीडिया कॉमन्ससारख्या खुल्या ठिकाणी चढवावेत, गावाची माहिती २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावर नीट लिहावी. लग्नात धवलारीण धवले, म्हणजे आमची लग्नगीतं, म्हणायला बसली की नुसता रील काढून थांबू नये, तिच्याजवळ बसून शब्द लिहून घ्यावेत. ही माणसं आहेत तोवरच हे काम होणार आहे, तेव्हा येत्या लग्नसराईपासूनच त्याला हात घाला. आणि सुरुवातीला ग्रुपवर एकच निरोप टाका: घरटी एक माणूस.