शिरगणती आणि वाट

कैसर ऑगस्टसच्या आज्ञेने नावनोंदणी झाली, तेव्हा योसेफ व पवित्र मरिया यांना नाझरेथहून बेथलेहेमची वाट तुडवावी लागली. शिरगणती आणि वाट यांचे नाते इतके जुने आहे.

नांदेड जिल्ह्यातील नायगावचा इतिहासही याच नात्याने उलगडतो. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १८९१ साली १,१५,३७,०४० होती. १९०१ साली ती १,११,४१,१४२ इतकी उरली. १८९९-१९०० चा दुष्काळ मध्ये येऊन गेला होता. त्याच सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाला. परंतु नांदेडहून तो गोदावरीच्या उत्तरेने मुदखेड, उमरी, धर्माबादकडे गेला आणि नायगाव दक्षिणेस राहिले. सडक हाच त्याचा आधार ठरला. १९३२ साली निजाम सरकारने २७ गाड्यांनिशी प्रवासी मोटारसेवा आरंभिली. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव १९९९ मध्ये तालुक्याचे ठिकाण झाले.

२०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्यात ३३,६१,२९२ माणसे मोजली गेली. मोजणारा दारापर्यंत येतो. पण हमरस्त्यापासून दूरच्या वस्तीवरील गरोदर स्त्रीला पावसाळ्यात दवाखाना गाठता येतो काय, हे आकडा सांगत नाही. मरियेचे दिवसही नावनोंदणीच्या त्या प्रवासातच भरले होते. नाताळात गोठा सजविताना आपण तिची ती वाटही आठवावी.