बॉबी ऑर : बचावाच्या जागेवरून खेळ बदलणारा हॉकीपटू

कॅनडात नुसते ‘हॉकी’ म्हटले की बर्फावरची हॉकीच समजली जाते. या खेळातील सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा वाद तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या वादात वेन ग्रेट्झकी आणि गॉर्डी हाव यांच्या बरोबरीने हमखास घेतले जाणारे तिसरे नाव बॉबी ऑर याचे आहे. पहिले दोघे आघाडीवर खेळणारे, तर ऑर बचावपटू. त्याची कारकीर्द जेमतेम बारा हंगामांची, आणि त्यांतलेही शेवटचे तीन हंगाम जवळजवळ वायाच गेले.

आइस हॉकीचे मैदान सुमारे २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असते. प्रत्येक संघाचा एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि आघाडीचे तीन खेळाडू एका वेळी बर्फावर असतात. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, म्हणजे ‘पक’, वापरतात. बचावपटूने मागे थांबावे, प्रतिस्पर्ध्याला खांद्याने अडवावे, गोलाकडे येणारा पक प्रसंगी अंगावर घ्यावा आणि हाती आलेला पक पुढच्यांच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे, अशी १९६०च्या दशकापर्यंत सर्वसाधारण समजूत होती. माँट्रियलच्या डग हार्वेसारखा एखादा बचावपटू मागून खेळाची लय ठरवीत असे. पण गुणतक्त्याच्या शिखरावर बचावपटूचे नाव असू शकते, हे कोणाच्या कल्पनेतही नव्हते.

रॉबर्ट गॉर्डन ऑरचा जन्म २० मार्च १९४८ रोजी कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातील पॅरी साउंड या लहानशा गावी झाला. जॉर्जियन उपसागराच्या काठावरचे हे गाव. हिवाळ्यात गोठलेली नदी आणि उपसागर हेच तेथील मुलांचे क्रीडांगण. १९६१ साली गॅनानोक्वे येथील कुमारांच्या स्पर्धेला बॉस्टन ब्रुइन्स या व्यावसायिक संघाची माणसे दुसऱ्याच दोन मुलांना पाहायला गेली होती. परतताना त्यांच्या तोंडी ऑरचे नाव होते. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे चौदाव्या वर्षीच त्याची एका करारपत्रावर सही घेण्यात आली आणि पुढील व्यावसायिक आयुष्याचे हक्क बॉस्टनकडे गेले. ओशावा जनरल्स या कनिष्ठ संघात तो आपल्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या तरुणांविरुद्ध खेळू लागला. मुलाने एवढ्या लहान वयात घर सोडावे हे आईला मान्य नव्हते. म्हणून पहिल्या हंगामात तो गावीच राहून सामन्यांपुरता ओशावाला जात असे.

१९६६ साली अठराव्या वर्षी त्याने नॅशनल हॉकी लीगमध्ये पदार्पण केले. तेव्हा लीगमध्ये सहाच संघ होते आणि त्या हंगामात बॉस्टन शेवटच्या क्रमांकावर राहिला. ऑरला मात्र सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार मिळाला. १९६८ पासून १९७५ पर्यंत सलग आठ वर्षे सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस चषक त्याच्याकडेच राहिला.

त्याच्या खेळाचे मर्म त्याच्या वेगात होते. आपल्या गोलामागून पक घेऊन निघावे, वाटेत तिघा-चौघांना चुकवीत थेट समोरच्या गोलापर्यंत जावे आणि चढाई फसलीच तर बाकीचे वळायच्या आत आपल्या जागी परतावे, हे तो एकाच श्वासात केल्यासारखे करी. फुटबॉलच्या चाहत्यांना त्याच काळातील फ्रान्झ बेकनबाउअरची आठवण होईल. संघाचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर बसलेला असताना तर ऑर पक कोणाला मिळूच देत नसे. प्रतिस्पर्धी पाठलाग करीत राहत आणि शिक्षेचा वेळ सरून जाई.

आकडे याला दुजोरा देतात. १९६९-७० च्या हंगामात ३३ गोल आणि ८७ साहाय्ये मिळून १२० गुण करून तो लीगमध्ये पहिला आला. बचावपटूने गुणतक्ता जिंकण्याची ती पहिलीच वेळ. १९७५ मध्ये त्याने हा पराक्रम पुन्हा केला; त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही बचावपटूला तो आजवर साधलेला नाही. १९७०-७१ मधील त्याचे १३९ गुणही बचावपटूंमध्ये अजिंक्य आहेत. १९८५-८६ मध्ये पॉल कॉफी १३८ वर थांबला. मात्र जाणकार अधिक मोल देतात ते त्याच हंगामातील ‘अधिक १२४’ या आकड्याला. खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेले आणि स्वीकारलेले गोल यांच्यातील हा फरक असून तो विक्रम अद्याप अबाधित आहे. पुढे धावणारा बचावपटू मागे खिंडार पाडतो, या आक्षेपाला याहून स्वच्छ उत्तर नाही.

१० मे १९७० रोजी सेंट लुईस ब्लूजविरुद्ध अंतिम मालिकेतील चौथा सामना जादा वेळेत गेला. चाळीसाव्या सेकंदाला डेरेक सँडरसनच्या पासवर ऑरने गोल केला आणि त्याच क्षणी नोएल पिकार्डच्या काठीने पाय उचलला गेल्यामुळे तो हात पसरून हवेत आडवा झाला. रे लुसिए या वृत्तपत्र-छायाचित्रकाराने टिपलेले ते दृश्य हॉकीतील सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र ठरले. बॉस्टनला २९ वर्षांनी स्टॅनले चषक मिळाला. १९७२ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सला हरवून त्यांनी तो पुन्हा जिंकला.

या सर्व काळात त्याचा डावा गुडघा झिजत होता. दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रिया तेव्हा रूढ नव्हत्या. फाटलेली कूर्चा दुरुस्त करण्याऐवजी काढून टाकली जाई आणि हाडावर हाड घासू लागे. कारकीर्दीत त्याच्या गुडघ्यावर डझनभराहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. सोव्हिएत संघाविरुद्धच्या १९७२ च्या ऐतिहासिक मालिकेला तो मुकला. १९७५-७६ मध्ये तो अवघे दहा सामने खेळला. तरीही १९७६ च्या कॅनडा चषकात दुखऱ्या गुडघ्यानिशी उतरून तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

दुखापतीपेक्षा जिव्हारी लागणारा घाव मात्र मैदानाबाहेरचा होता. अ‍ॅलन ईगलसन हा टोरॉन्टोचा वकील सुरुवातीपासून त्याचा प्रतिनिधी होता. ऑर त्याला भावासारखा मानी. खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुखही हाच ईगलसन होता. वाटाघाटी खेळाडूंच्या वतीने करायच्या आणि संघमालकांशी जवळीकही राखायची, हे त्याने वर्षानुवर्षे केले. १९७६ मध्ये ऑरचा करार संपला, तेव्हा बॉस्टनने त्याला संघाच्या मालकीत सुमारे साडेअठरा टक्के वाटा देऊ केला होता. ही गोष्ट ऑरपर्यंत पोहोचलीच नाही. बॉस्टनला आपण नकोसे झालो, अशा समजुतीने तो शिकागोला गेला. तेथे तीन हंगामांत मिळून तो २६ सामने खेळू शकला. नोव्हेंबर १९७८ मध्ये, तिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. ६५७ सामने, २७० गोल, ६४५ साहाये अशी त्याची नोंद आहे. पुढे हिशेब तपासले, तेव्हा मालमत्तेपेक्षा देणे जास्त असल्याचे आढळले.

तीन वर्षांच्या प्रतीक्षेची अट शिथिल करून १९७९ मध्ये त्याला ‘हॉकी हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान देण्यात आले. ईगलसनचाही तेथे समावेश झाला होता. १९९८ मध्ये बॉस्टन व टोरॉन्टो येथील न्यायालयांत त्याने फसवणुकीचे गुन्हे कबूल केले आणि त्याला तुरुंगवास झाला. त्याला काढले नाही तर आम्हीच बाहेर पडू, असे ऑरसह अनेक मान्यवर खेळाडूंनी बजावल्यावर ईगलसनने स्वतःच राजीनामा दिला. ऑर तोपर्यंत स्वतः तरुण हॉकीपटूंचा प्रतिनिधी म्हणून काम करू लागला होता.