१८० बाय ५०

गाडीतल्या गाण्यांचा इतिहास सांगताना लोक रेडिओ, कॅसेट, सीडी, ब्लूटूथ अशी माळ ओवतात. दारातल्या स्पीकरचं नाव त्यात येत नाही, कारण तो फारसा बदललाच नाही. चुंबक, तारेचं वेटोळं आणि कागदाचा शंकू ही रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी इंजिनिअरांनी १९२५ मध्ये मांडली. तुमच्या गाडीच्या दारात आजही साधारण तीच आहे. डॅशबोर्डवरचा डेक मात्र बघता बघता म्हातारा होतो. अशा दोन भागांना एकत्र नांदवायचं, तर मधला सांधा नीट हवा. ही गोष्ट त्या सांध्याची.

१९३० साली शिकागोच्या गॅल्विन कंपनीने मोटोरोला या नावाने गाडीचा रेडिओ काढला. किंमत शंभर डॉलरच्या वर, तेव्हा अख्खी फोर्ड मॉडेल ए पाचशे-सहाशे डॉलरला मिळायची. रेडिओ वेगळा, स्पीकर वेगळा, बॅटऱ्या आणखी वेगळ्या. बसवायचा म्हणजे गाडी उसवायची. सांधा नव्हताच, होती ती जुळवाजुळव.

शिस्त लावली जर्मनांनी. डीआयएन या तिथल्या मानक संस्थेने डॅशबोर्डमधल्या खाचेचं माप ठरवलं: रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५०. पुढे तेच आयएसओ ७७३६ म्हणून जगभर गेलं. दुप्पट उंचीचा तो ‘डबल डिन’. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला इंटरफेस म्हणतो. आत काय वाट्टेल ते बदला, कडा तेवढ्या सांभाळा. आपल्याकडे साधी मारुती ८०० शोरूममधून निघायची ती थेट टेप बसवायला डेकवाल्याकडे. त्याचा अख्खा धंदा या मापावर उभा होता.

दुसरा करार विजेचा. गाडीचे स्पीकर बहुधा ४ ओहमचे असतात आणि इंजिन चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकरच्या दोन्ही टोकांना ताण देणारा ब्रिज अॅम्प्लिफायर वापरला, तरी गणिताने प्रत्येक स्पीकरला फार तर २६ वॅट स्वच्छ मिळतात. खोक्यावर छापलेले ‘५० वॅट गुणिले ४’ हे फाटलेल्या आवाजाच्या क्षणिक कमालीचे आकडे. तसंही, वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. मग कंपनीचे स्पीकर ठेवून नुसता डेक बदलला तर फरक का जाणवतो? इक्वलायझर आणि हाय-पास फिल्टरमुळे. लहान शंकूला न झेपणारा खोल बास अडवला, की उरलेलं गाणं मोकळं होतं.

हा सांधा निखळायला सुरुवात झाली ती चांगल्या हेतूने. १९८३ मॉडेलच्या काही कॅडिलॅक, ब्यूक आणि ओल्डस्मोबिल गाड्यांत जनरल मोटर्स आणि बोस यांनी त्या त्या केबिनसाठी ट्यून केलेली यंत्रणा दिली. प्रत्येक स्पीकरच्या पेटीत स्वतःचा अॅम्प्लिफायर. ऐकायला सुरेख, पण बाजारातला साधा डेक आणून जोडला तर दोघांचं जमेना. सगळं एकमेकांसाठीच बनलेलं.

एकसारखी खाच चोरांच्याही सोयीची होती. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लोक गाडीच्या काचेवर ‘नो रेडिओ’ अशी पाटी लावत. मग कोड आले, काढून खिशात टाकता येणारे दर्शनी भाग आले. ज्या गाडीत डेक डॅशबोर्डचाच भाग झाला, तिथे चोराला तो विकणं अवघड झालं आणि मालकाला बदलणंही.

२००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सीरिजमध्ये मोस्ट नावाचं ऑप्टिकल फायबरचं जाळं आलं. आता डेक काढला की स्पीकर जागेवर, धडधाकट, आणि मुके. कारण डेककडून अॅम्प्लिफायरकडे जाणारं गाणं प्रकाशाच्या रूपात जातं. आज साध्या गाड्यांतही एसी, मागचा कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं पडद्याला जोडलेली असतात. तो बदलायचा तर गाडीची कॅन भाषा बोलणारा अॅडॅप्टर लागतो, आणि प्रत्येक गाडीची बोली निराळी.

सोयी वाढल्या, हे खरंच. पण पूर्वी म्हातारा झालेला भाग बदलून धडधाकट भाग ठेवायचा, हा निर्णय मालकाचा होता. आता पडद्याचं सॉफ्टवेअर अपडेट होणं थांबलं, की सगळी गाडीच जुनी वाटू लागते. म्हणून गाडी घेताना मायलेज विचारतो तसं आणखी एक विचारावं: हा पडदा उद्या बदलता येईल का?