सातपुड्यातला सिकलसेल आणि हिमोग्लोबिनमधला खळगा

सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावाचे नाव वर्तमानपत्रांत झळकते ते होळीच्या आठवड्यात, तिथल्या राजवाडी होळीमुळे. त्याच सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा जनुक पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे; डॉ. एस. एल. काटे यांच्या महाराष्ट्रातील पाहण्यांत भिल्ल, पावरा, माडिया, परधान या समाजांत वाहक धरून हा जनुक असलेल्यांचे प्रमाण २० ते ३५ टक्के आढळले. या आजाराकडे मी इथे औषधांच्या अंगाने पाहतो. पेशीवरच्या रिसेप्टरचा किंवा प्रथिनाचा आकार कळला, की फक्त त्यालाच चिकटणारे औषध घडवता येते, हा आजच्या औषधशास्त्राचा विश्वास. तो पारखायला सिकलसेलसारखा दुसरा आजार नाही, कारण रेणूत कारण सापडलेला हाच पहिला. रसायनशास्त्रज्ञ पॉलिंग यांनी १९४९ मध्ये बिघाड हिमोग्लोबिनचा असल्याचे दाखवले. पुढे संशोधक इंग्रॅम यांनी तो एकाच जागी आणून ठेवला: बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. ऑक्सिजन सुटला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरच्या खळग्यात जाऊन बसते, रेणूंचे ताठ तंतू बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. स्फटिकांच्या अभ्यासातून १९७५ पर्यंत ही रचना बरीच उलगडली होती.

तरी आकारावरून बेतलेली औषधे आली ती थेट २०१९ मध्ये. व्होक्सेलोटर हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीच्या टोकाला धरते (आणि ही साखळी निरोगी माणसातही तीच असते, म्हणजे निवडकपणा कशाला म्हणायचे हा प्रश्न इथेच उभा राहतो). क्रिझानलिझुमॅब रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या पी-सिलेक्टिनला अडवते, जिथे पेशी येऊन चिकटतात आणि वेदनेचे झटके येतात. दुसऱ्याचा फायदा पुढच्या मोठ्या चाचणीत दिसला नाही आणि २०२३ मध्ये युरोपने त्याची मान्यता काढली. पहिले २०२४ मध्ये कंपनीनेच जगभरातून मागे घेतले. व्होक्सेलोटरचा नेम चुकला नव्हता, रुग्णांचे हिमोग्लोबिन खरोखर वाढत होते. पण औषध घेणाऱ्यांत वेदनेचे झटके आणि मृत्यू जास्त दिसू लागले. रेणू नेमका धरला म्हणजे आजार धरला असे होत नाही, हे माझे म्हणणे याच्यावरच उभे आहे.

याउलट हायड्रॉक्सियुरिया. १८६९ मध्ये बनलेले हे रसायन, पुढे कर्करोगावर वापरले गेले. सिकलसेलच्या रेणूचा आकार पाहून ते कोणी घडवले नाही. १९९५ च्या अमेरिकी चाचणीत वेदनेचे झटके त्याने जवळपास निम्म्यावर आणले, आणि नागपूरला तीव्र आजाराच्या मुलांवर किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम इतक्या कमी डोसनेही गुण आला. मग रचनेचा सगळा अभ्यास वाया गेला का? तसे नाही. हे औषध गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते, आणि त्याची गॅमा साखळी त्या तंतूत नीट बसत नाही, ही उकल रचनेमुळेच झाली. निवडक औषधाचा आग्रह धरणाऱ्यांचे एक म्हणणे तर मला पूर्ण मान्य आहे: हायड्रॉक्सियुरिया अस्थिमज्जेतल्या चांगल्या पेशींनाही रोखते, पांढऱ्या पेशी फार घटल्या तर थांबवावे लागते, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावेच लागते. डोंगरातल्या पाड्यावरच्या माणसाला त्या एका तपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडवून खाली उतरावे लागते.