अतिचंचलता, मुलग्यांमधील
अवधानन्यूनता, अतिचंचलता व उतावळेपणा ही लक्षणे असणारा मेंदूविकासाचा विकार (एडीएचडी).

इतिहास : ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा मुलांचे वर्णन केले. सध्याची संज्ञा १९८७ पासूनची.

निदान : लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. मुलग्यांत निदान मुलींच्या सुमारे दुप्पट होते. वर्गातील वयाने लहान मुलांत ते अधिक आढळते. श्रवणदोष, रक्तक्षय (पहा : पांडुरोग) व अपुरी झोप आधी तपासतात. दोन ठिकाणांची अट मात्र सर्वत्र सहज पूर्ण होत नाही : ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलाचे घरचे वागणे शिक्षकांना दिसत नाही. वीटभट्टीवर स्थलांतरित होणाऱ्या कातकरी आदिवासी कुटुंबांतील मुलांची हजेरी खंडित होते. त्यामुळे दुसऱ्या ठिकाणची नोंद मिळवणे अवघड जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (२०१३) तपासणीत हा विकार समाविष्ट आहे.

उपचार : सहा वर्षांखाली प्रथम पालक-प्रशिक्षण, पुढे वर्तनोपचार व गरजेनुसार मेथिलफेनिडेट. या औषधाने भूक मंदावते, म्हणून वजन-उंचीची नियमित नोंद आवश्यक असते, कुपोषित मुलांत विशेषतः (पहा : कुपोषण, अध्ययन अक्षमता).