सव्वादोन मिलिमीटरची तडजोड

ब्रिटिश मॉडेल इंजिनाकडे बाजूने पाहिलं तर ते हुबेहूब खऱ्यासारखं दिसतं. समोरून पाहिलं की काहीतरी खटकतं. अंग रुंद आणि चाकं मात्र आत ओढून घेतल्यासारखी. माझ्या सेकंडहँड इंजिनात हे पहिल्यांदा दिसलं, तेव्हा आधीच्या मालकाने चाकं बदलली असतील असं वाटलं. मग फूटपट्टी आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.

हे मॉडेल 'ओओ' जातीचं. त्यात खऱ्या एका फुटाला 4 मिलिमीटर, म्हणजे प्रमाण साधारण 1:76. ब्रिटनच्या रुळांमधलं खरं अंतर 4 फूट साडेआठ इंच. मॉडेलमध्ये ते 18.83 मिलिमीटर भरायला हवं, पण भरतं 16.5. म्हणजे माझं इंजिन चालतं ते 4 फूट दीड इंची रुळांवर. ब्रिटनच्या मुख्य मार्गांवर असं गेज कधीच नव्हतं.

मग हे आलं कुठून? 1922 मध्ये जर्मनीच्या बिंग कंपनीने टेबलावर मावणारी छोटी रेल्वे बनवली. ब्रिटनमध्ये ती बॅसेट-लोक विकत असे. तिचे रूळ होते 16.5 मिलिमीटरचे. या रुळांना फुटाला 3.5 मिलिमीटर हे प्रमाण बरोबर बसतं. युरोप आणि अमेरिकेने तेच धरलं, त्याला 'एचओ' म्हणतात. ब्रिटनची अडचण वेगळी होती. तिथे रेल्वे सगळ्यांच्या आधी आली, पूल आणि बोगदे अरुंद बांधले गेले, त्यामुळे खरी इंजिनंही लहान. ती 3.5 मिलिमीटरच्या प्रमाणात केली तर त्या काळच्या मोटरी आत मावेनात. म्हणून अंग वाढवलं आणि रूळ तसेच ठेवले. 1938 मध्ये हॉर्नबी डब्लो बाजारात आली आणि ही तडजोड घरोघरी पोचली.

हे पटलं नाही असे लोकही होते. त्यांनी आधी 18 मिलिमीटरचं 'ईएम' काढलं, 1960 च्या दशकात काटेकोर 18.83 चं 'पी4' आणलं. पण त्यासाठी प्रत्येक इंजिनाची चाकं बदला, रूळ बहुधा हातानेच जुळवा. बहुतेकांनी नाद सोडला.

खऱ्या रेल्वेतही असंच झालं होतं. ब्रुनेलचं सात फुटी गेज 1845 च्या चाचण्यांत वेगवान ठरलं, तरी 1892 मध्ये ते कायमचं उखडलं गेलं, कारण तोवर देशभर दुसरेच रूळ पसरले होते. चांगलं काय, यापेक्षा आधी किती रूळ पडलेत हे महत्त्वाचं ठरलं.

आज मोटरी इतक्या लहान झाल्यात की मूळ अडचणच उरलेली नाही. 2022 मध्ये हॉर्नबीने 1:120 प्रमाणाची नवी मालिका आणली. तिचे रूळ 12 मिलिमीटरचे, हिशोबाने 11.96 हवेत. जवळजवळ अचूक! पण त्यासाठी सगळंच नव्याने सुरू करावं लागलं. जुनं ओओ आहे तिथेच आहे.

मीही चाकं बदलली नाहीत. बदलली असती तर इंजिन अगदी बरोबर झालं असतं, पण माझ्याच रुळांवर चाललं नसतं.