तळटीप : सविता हलप्पनवार आणि सह्यांची मोहीम

सविता हलप्पनवार, माहेरच्या यळगी, बेळगावची लेक. शिक्षणाने दंतवैद्य, लग्नानंतर आयर्लंडमधील गॉलवे येथे स्थायिक. सतराव्या आठवड्यात गर्भपात होऊ लागला. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनीही सांगितले होते, पण त्याचे ठोके चालू आहेत म्हणून तो काढण्याची तिची विनंती मान्य झाली नाही. जंतुसंसर्ग अंगभर पसरून २८ ऑक्टोबर २०१२ रोजी ती गेली, अवघ्या ३१व्या वर्षी. वाचवता येण्यासारखा जीव हकनाक गेला. तिथल्या राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीने (१९८३) गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क दिला होता. २५ मे २०१८च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी ती रद्द केली. त्याआधी सविताच्या आईवडिलांनी बेळगावातून तसे आवाहन केले होते. डब्लिनमधल्या तिच्या भित्तिचित्राभोवती लोकांनी हाताने लिहिलेल्या शेकडो चिठ्ठ्या चिकटवल्या.

हे सार्वमत सह्यांच्या मोहिमेतून झाल्याचे लेखकाने म्हटले आहे, ते बरोबर नाही. आयर्लंडमध्ये प्रस्ताव संसदेतूनच यावा लागतो. या वेळी सामान्यांतून निवडलेल्या ९९ नागरिकांच्या सभेने आधी शिफारस केली होती. सह्या गोळा करून गर्भपाताचा प्रश्न मतपेटीपर्यंत नेण्याची वाट अमेरिकेतल्या ओहायोसारख्या राज्यांत आहे. तिथे २०२३मध्ये तसे मतदान झाले. भारतात ही सोय नाही. आपला १९७१चा गर्भपाताचा कायदा शांतिलाल शहा समितीच्या अहवालानंतर संसदेने केला.